गळतीची वही

मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, ॲसिडच्या टाक्या बनवणाऱ्या शेडमागे
ती लोखंडी पिंपांवर टेकून उभी होती.
चोवीस फूट. शिडाची.
समुद्र इथून टेम्पोने अडीच तास.

हिच्याआधी तीन पाहिल्या.
पहिलीला नव्या रंगाचा वास इतका
की मी विचारलं, काय झाकलंय?
विकणारा हसला. मीही हसले, आणि निघाले.
दुसरीचं इंजिन एका फटक्यात सुरू झालं,
पण तेलाची काडी उपसली तर तेल दुधाळ,
चहा फाटावा तसं.
तिसरी स्वप्नासारखी होती
आणि किंमतही झोपेतच सांगितलेली.

माझ्याकडे फंडाचे सहा लाख.
तीन घ्यायला, तीन नीट करायला.
हा हिशेब मला कुणी शिकवला नाही.
शिलाई मशीन, लुना, रावपुऱ्यातला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट,
जन्मभर जुनंच घेत आले.
जुन्या वस्तूचं खरं बिल
ती घरी आल्यावर येतं.

"बडोद्यात राहून होडी?" भाऊ म्हणाला,
"सूरसागरात फेऱ्या मारणार?"
वहिनी काही बोलली नाही.
तिने फक्त पोळी जरा जोरात थापटली.

मी पिशवीतून लाकडी बत्ता काढला,
गूळ फोडायचा.
वीतभर, मग वीतभर, अशी होडी वाजवत गेले.
ठण. ठण. ठण.
आणि एका जागी – थप्प.
तिथे खडूने गोल केला.
संध्याकाळपर्यंत सात गोल झाले.
शेडवाला जिग्नेशभाई म्हणाला, "बेन, आता रांगोळी पुरी करा."

डोलकाठीच्या तारांवरून कापूस फिरवला,
वातींसाठी आणलेला.
जिथे आतला पेड तुटलेला, तिथे कापूस अडकला,
बोट लावलं असतं तर रक्त आलं असतं.
तारा बदलायच्या: चाळीस हजार.
शिडांची शिवण उन्हाने भुरभुरीत.
ती मी घालीन, माझी मशीन अजून जाड कापड ओढते.

आणि हिला पोटाखाली दोन पाय.
खंबातच्या आखातात पाणी सहा तासांत पळून जातं,
चिखल उघडा टाकून, मैलभर.
एका पायाची तिथे कलंडते.
ही बसेल, पाटावर बसल्यासारखी,
पाणी परत येईपर्यंत.

तरी सात गोल होते. सात म्हणजे थोडे नव्हेत.
मी पर्सची चेन लावली होती.
तेवढ्यात किल्लीबरोबर जिग्नेशभाईने एक वही दिली,
वारलेल्या मालकाची, फरेदून अंकलेसरियांची.
गुजराती अक्षर, मुंग्यांच्या रांगेसारखं.

चौऱ्याण्णव, जुलै: डाव्या बिछान्यावर टपटप. लांबी भरली.
पंच्याण्णव: परत टपटप. जास्त लांबी भरली.
शहाण्णव: परत. बादली ठेवली.
दोन हजार एक: बादली बदलली.

त्या रिकाम्या शेडमध्ये मी एकटीच मोठ्याने हसले.
तेव्हाच घेतली बहुतेक.
भाव नंतर झाला. साडेतीनवरून पावणेतीनवर आले,
बादली धरून.

संक्रांत होऊन चार दिवस झालेले.
आडव्या ठेवलेल्या डोलकाठीत एक पतंग गुंतला होता,
हिरवा, अर्धा फाटलेला.
मी सोडवला नाही.
वारा मला ठाऊक आहे तो गच्चीवरचाच.
तोही पाठीमागून,
कारण लहानपणी फिरकी माझ्या हातात
आणि पतंग भावाच्या.
तो ओरडायचा, ढील! मी सोडायचे.
तो ओरडायचा, खेच! मी गुंडाळायचे.
वर बघायला सवड मिळायची नाही.

शिडी लावून आत चढले.
सुकाणूचा दांडा हाताला खरखरीत लागला.
समोर पत्र्याची भिंत, भिंतीवर लिहिलेलं:
धूम्रपान मनाई.
बाहेरून टँकर गेला, जड,
जमीन हलली, पिंपं हलली,
चोवीस फूट होडी अंगभर थरथरली.

माझ्या तोंडून आपोआप आलं,
ढील.

या वेळी दुसऱ्या कुणाच्या हातात
फिरकी नव्हती.